नाव डोंगर कशी चढते? – जलपाशांच्या मालिकेवरील एक पाठ

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी : भूगोल व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

पाणी उताराकडे धावते, हे खेड्यातील मुलास कोणी शिकवावे लागत नाही. पाटाचे पाणी वाफ्यांतून फिरविताना, पावसाळ्यात अंगणातील ओहळाला मातीचा बांध घालताना, विहिरीच्या थारोळ्यातून दंडाकडे धार वळविताना त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. अशा मुलास ‘माणसे नावेत बसून, कालव्याच्या पाण्यावरून, डोंगर चढून जातात’ असे सांगितले की ते प्रथम हसते. हे हसू या पाठाचे खरे भांडवल होय. शिक्षकांनी ते दडपू नये. ‘मग नाव चढली कशी?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा व पाठ संपेपर्यंत पुसू नये.

पनामा कालव्याचा उल्लेख आला म्हणजे ‘जलपाशांच्या साहाय्याने जहाजे वर चढविली जातात’ एवढे वाक्य मुले पाठ करतात व परीक्षेत ते बिनचूक लिहितातही. परंतु जहाज वर उचलण्यास लागलेले पाणी कोठून आले आणि जहाज निघून गेल्यावर ते कोठे गेले, असे विचारले की वर्ग गप्प होतो. किंवा ‘पंपाने भरले’ असे उत्तर येते. पनामा कालव्याच्या मूळ जलपाशांत पाणी भरण्यास पंप मुळीच लागत नाही. तेव्हा पाठ केलेले वाक्य आणि समजलेली गोष्ट यांत किती अंतर असते, हे पाहण्यास यासारखा दुसरा विषय क्वचितच सापडेल.

प्रस्तुत पाठासाठी पनामाच्या महाकाय जहाजांऐवजी इंग्लंडमधील एका अरुंद कालव्याची निवड केली आहे. तेथील जलपाश माणसे आपल्या हातांनी उघडतात व मिटतात. कोणते काम केल्याने काय घडते, हे त्यामुळे मुलांना पायरीपायरीने सांगता येते.

जलपाश म्हणजे काय?

इंग्रजीत ज्यास ‘लॉक’ म्हणतात त्यास मराठी ग्रंथांत जलपाश असा शब्द आहे. शब्द कठीण वाटला तरी वस्तू साधी आहे. कालव्याच्या वाटेत विटांचा किंवा दगडाचा एक लांबट हौद बांधतात. त्याच्या एका टोकाला वरच्या कालव्याचे पाणी व दुसऱ्या टोकाला खालच्या कालव्याचे पाणी असते. दोन्ही टोकांना भक्कम लाकडी किंवा पोलादी कवाडे असतात. कवाडांत किंवा त्यांच्या बाजूच्या भिंतीत लहान झडपा असून त्या वर उचलल्या की पाणी आत येते किंवा बाहेर जाते. एवढ्याच या साहित्यावर सारा खेळ चालतो.

नाव खालून वर जावयाची असल्यास हौदातील पाणी प्रथम खालच्या कालव्याच्या पातळीस असावे लागते. खालची कवाडे उघडतात, नाव आत येते, कवाडे मिटतात. नंतर वरच्या झडपा उचलतात. वरच्या कालव्याचे पाणी आपल्या भाराने हौदात उतरते, पातळी चढते आणि पातळीबरोबर नावही चढते. हौदातील पाणी व वरचे पाणी समपातळीस आले की वरची कवाडे उघडतात व नाव पुढे निघते. उतरणाऱ्या नावेसाठी हाच क्रम उलटा. दोन्ही टोकांची कवाडे एकाच वेळी कधीही उघडी राहू द्यावयाची नाहीत, हा पहिला आणि शेवटचा नियम होय. आणि सुदैवाने पाणीच तो बहुतांशी पाळावयास लावते. कारण दोन बाजूंच्या पातळीत अडीच मीटरचा फरक असताना खालच्या कवाडांच्या जोडीवर वीस टनांहून अधिक भार येतो. तो माणसांच्या रेट्याने हलत नाही. पातळी सारखी होताच मात्र तेच कवाड एखाद्या शाळकरी मुलाने पाठ लावून ढकलले तरी हळूहळू फिरू लागते.

कवाडांची बैठकही पाहण्याजोगी असते. जोडीची दोन कवाडे मिटली म्हणजे एका सरळ रेषेत येत नाहीत. वरच्या पाण्याकडे टोक असलेला एक बोथट कोन करून ती परस्परांना टेकतात. वरचे पाणी जितके जोराने रेटते तितकी ती अधिक घट्ट मिटतात. शिक्षकांनी दोन वह्या उभ्या धरून हा कोन वर्गात दाखवावा व टोकाकडून दाबावे. वह्या एकमेकींत रुततात. उलट बाजूने दाबल्यास लगेच उघडतात. अशा कोनी कवाडांचे श्रेय सामान्यतः लिओनार्दो दा विंची यास दिले जाते. दोन दारांमधील हौदाची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी व चीनमधील आहे. तेथील मोठ्या कालव्यावर पूर्वी नावा एका पातळीवरून दुसरीवर उताराच्या धक्क्यावरून दोरांनी ओढून नेत. या ओढाताणीत नावा फुटत व सांडलेला सरकारी माल चोरीस जाई. ती चोरी व नासाडी थांबावी म्हणून छियाओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने इ. स. ९८४ मध्ये सुमारे पन्नास पावलांच्या अंतरावर दोन दारे बांधून मधले पाणी चढते-उतरते ठेवण्याची युक्ती केली. थोर शोधांच्या मुळाशी पुष्कळदा असा एखादा त्रासलेला कारभारी असतो.

केन हिलची चढण

इंग्लंडच्या दक्षिण भागात रेडिंग ते ब्रिस्टल असा सुमारे १४० किलोमीटरचा जलमार्ग आहे. केनेट व एव्हन या दोन नद्यांना तो जोडतो व त्या दोघींची नावे धारण करतो. जॉन रेनी या स्थापत्यविशारदाने त्याची आखणी केली. मार्गात डिव्हायझेस नावाचे गाव एका उंच पठाराच्या कडेवर वसले आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या कालव्यास या गावापर्यंत पोहोचण्यासाठी सुमारे ३ किलोमीटरच्या अंतरात ७२ मीटर चढावे लागते. या चढणीवर रेनीने एकामागून एक असे २९ जलपाश बांधले. इ. स. १८१० मध्ये ही मालिका पुरी झाली तेव्हा कालवा अखंड झाला. तोपर्यंत पायथ्याशी नावेतून माल उतरवून घोड्यांनी ओढावयाच्या गाड्यांतून रुळांवरून वर नेत आणि तेथे पुन्हा दुसऱ्या नावेत भरत. दोनदा उतरविणे व दोनदा भरणे यांत किती मजुरी व किती वेळ जात असेल, याचा अंदाज बाजारात धान्याची पोती नेणाऱ्या घरातील मुले सहज करतील.

पायथ्याच्या फॉक्सहँगर्स या ठिकाणी नाव सकाळी पहिल्या जलपाशासमोर येते असे मुलांना कल्पावयास सांगावे. नाव लांबट व अरुंद आहे. रुंदी जेमतेम २ मीटर. एक माणूस मागे उभा राहून सुकाणू धरतो. दुसरी दोघे काठावर उतरतात. त्यांच्या हातांत काटकोनात वाकविलेली लोखंडी फिरकी असते; विहिरीवरचा रहाट फिरवावा तशी ती दात्यांच्या चाकावर बसवून फिरविली की झडप वर उचलली जाते. कवाड उघडण्यास मात्र कोणतेही यंत्र नाही. कवाडाच्या माथ्यावर एक लांब जाड तुळई असते. तिला पाठ लावून, पाय जमिनीवरील विटांच्या उंचवट्यांना रोवून मागे मागे रेटावयाचे. कालवा जितका जुना तितकीच ही रीतही जुनी आहे.

पहिले सात जलपाश मोकळ्या अंतराने पसरलेले आहेत. त्यात नवख्या माणसाचा हात बसतो. आठव्यापासून मात्र डोंगराची सरळ चढण लागते आणि सोळा जलपाश एका ओळीत, एकाच्या डोक्यावर दुसरा असे, समोर उभे राहतात. खालून पाहिले असता घाटाच्या पायऱ्यांवर काळ्या-पांढऱ्या तुळया आडव्या ठेवल्यासारखे दृश्य दिसते. येथे नाव पुढे जाते ती एका हौदातून निघून लगेच दुसऱ्यात शिरण्यासाठीच. एक माणूस मागील कवाडे मिटीत असता दुसरा पुढे धावून पुढचा हौद रिकामा आहे की भरलेला हे पाहतो. प्रत्येक जलपाशात नाव सरासरी अडीच मीटर उचलली जाते. या सोळांनंतर आणखी सहा, आणि मग गाव येते. सारी चढण चढण्यास साधारणपणे पाच ते सहा तास लागतात. सरळ पायवाटेने चालणारा गावकरी तेवढेच अंतर तासाभराच्या आत तोडतो, हेही मुलांना सांगावे. त्यांना गंमत वाटेल.

चढताना हौदात पाणी शिरते तेव्हा नाव खळबळीने पुढेमागे हेलकावते. झडपा एकदम पूर्ण न उचलता प्रथम अर्ध्या उचलाव्या लागतात. उतरताना निराळाच धोका असतो. वरच्या कवाडांच्या पायाशी दगडी उंबरठा असतो व तो भरलेल्या हौदात पाण्याखाली झाकलेला राहतो. उतरणाऱ्या नावेचा मागील भाग या उंबरठ्यावर राहिला आणि पाणी ओसरू लागले, तर मागचा भाग वर अडकतो व पुढचा खाली जातो; नाव पाहता पाहता बुडू शकते. यासाठी उंबरठा कोठवर आहे ते दाखविणारी रेघ हौदाच्या काठावर रंगविलेली असते, आणि पाणी सोडताना सुकाणू धरणाऱ्याने त्या रेघेवरील लक्ष ढळू द्यावयाचे नसते. घराच्या उंबरठ्यास नमस्कार करणाऱ्या मुलांना हा उंबरठा चांगला लक्षात राहील.

पाण्याचा हिशेब

पाठाचा गाभा येथे आहे व शिक्षकांनी अर्ध्याहून अधिक वेळ यास द्यावा. केन हिल येथील एक हौद सुमारे २२ मीटर लांब व ४.२ मीटर रुंद धरावा. पातळी अडीच मीटर चढते. मुलांकडून गुणाकार करवून घ्यावा : २२ × ४.२ × २.५ = २३१ घनमीटर, म्हणजे २ लक्ष ३१ हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर १० हजार लिटरचा असेल, तर एका हौदासाठी तेवीस टँकर झाले. एवढे पाणी एका नावेला एक पायरी चढविण्यासाठी वरून खाली उतरले आणि परत गेले नाही. नाव वर गेली. पाणी खाली आले. नावेने जी उंची मिळविली ती पाण्याने गमावली.

येथे वर्गातील हुशार मुलगी किंवा मुलगा विचारील की मग २९ जलपाशांना २९ पट पाणी लागले काय? प्रश्न उत्तम आहे व त्याचे उत्तर घाईने देऊ नये. प्रत्येक हौदातून सुटलेले पाणी वाया जात नाही. ते खालच्या टप्प्यात जाते व तेथून त्याच्या खालच्या हौदाच्या उपयोगी पडते. म्हणून माथ्यावरच्या साठ्यातून पाहिले तर सारी मालिका ओलांडणाऱ्या एका फेरीस सुमारे एकच हौदभर पाणी खर्ची पडते. डिव्हायझेसच्या वर सुमारे २४ किलोमीटर लांबीचा, एकही जलपाश नसलेला पाण्याचा सलग पट्टा आहे. हा खर्च त्यातून होतो.

तथापि मधल्या टप्प्यांचे काय? जलपाश एकमेकांस इतके खेटून असले की दोन हौदांमधील कालव्याचा तुकडा अगदी आखूड होतो. असा तुकडा ५० मीटर लांब व १० मीटर रुंद आहे असे धरावे. त्यातून २३१ घनमीटर पाणी खालच्या हौदात घेतले तर त्याची पातळी जवळजवळ अर्धा मीटर खाली जाईल व पुढून येणारी नाव चिखलात बसेल. रेनीने यावर जो उपाय केला तो केन हिलच्या चित्रात सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. त्याने मधल्या तुकड्यांना लांबी देता येत नव्हती म्हणून बाजूने रुंदी दिली. प्रत्येक तुकड्याला जोडून डोंगराच्या कुशीत एकेक लहान तलाव खोदला. मधल्या सोळा जलपाशांच्या बाजूस असे तलाव पायऱ्यांप्रमाणे एकावर एक दिसतात. ज्या गावात नाल्यावर एकाखाली एक बंधारे घातलेले आहेत, तेथील शिक्षकांस दृष्टांत शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

काटकसरीचे नियमही यातूनच निघतात. नाव चढून गेली म्हणजे हौद भरलेला असतो. त्याच वेळी वरून एखादी नाव उतरावयास आली तर ती भरलेल्या हौदात सरळ शिरते व तेच पाणी तिला खाली नेते. एका हौदभर पाण्यात दोन नावांचे काम होते. शिवाय हौदाच्या रुंदीत दोन अरुंद नावा शेजारी शेजारी मावतात. जोडीने चढल्या, जोडीने उतरल्या, तर तेवढ्याच पाण्यात चार नावा जातात व प्रत्येकीच्या वाट्यास ५८ घनमीटर खर्च येतो. म्हणून समोरून नाव येताना दिसली की आपला हौद घाईने रिकामा करावयाचा नाही. तिची वाट पाहावयाची. तेथे हा केवळ शिष्टाचार समजला जात नाही. उलट, कोणी निष्काळजीपणे एखादी झडप उघडी टाकून गेला तर वरचा टप्पा रात्रीतून आटतो आणि सकाळी तेथील नावा तळाला टेकलेल्या आढळतात. पाटाचे दार रात्री उघडे टाकणाऱ्या शेजाऱ्याविषयी गावात जे बोलले जाते, तेच तेथेही बोलले जात असावे.

इतके करूनही माथ्यावर पाणी कमी पडते, कारण डोंगराच्या माथ्यावर नदी नसते. या कालव्याचा सर्वांत उंच भाग डिव्हायझेसच्याही पूर्वेस आहे. तेथे क्रॉफ्टन येथे वाफेच्या एंजिनाने सुमारे १२ मीटर पाणी उचलून कालव्यात सोडीत. १८१२ साली चालू झालेले बोल्टन व वॉट यांचे एंजिन आजही मूळ जागी जपून ठेवलेले आहे; नित्याचे काम विजेच्या पंपांकडे आहे. केन हिलच्या पायथ्याशी १९९६ मध्ये पंप बसविण्यात आले. दिवसाकाठी ३ कोटी २० लक्ष लिटर पाणी माथ्यावर परत चढविण्याची त्यांची शक्ती आहे, म्हणजे दर अकरा मिनिटांस एक हौद. मुलांकडून पडताळा घ्यावा : दिवसाच्या १,४४० मिनिटांस ११ ने भागिले असता सुमारे १३१ हौद येतात, आणि ३ कोटी २० लक्षांस १३१ ने भागिले असता प्रत्येकी सुमारे २ लक्ष ४४ हजार लिटर. वर हौदाच्या मापावरून काढलेला आकडा याच्या अगदी जवळचा आहे. दोन निरनिराळ्या वाटांनी काढलेले उत्तर जुळले की गणितावर मुलांचा विश्वास बसतो.

या ठिकाणी ‘पंपाने भरले’ या आरंभीच्या उत्तराकडे परत यावे. पंप नावेला उचलत नाही. हौद नेहमी वरच्या पाण्यानेच भरतो. पंपाचे काम खर्च झालेले पाणी पुन्हा माथ्यावर नेऊन ठेवणे एवढेच. केन हिलला तसे करता येते, कारण हौद लहान आहेत. पनामा येथे समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरील गातून सरोवर हाच पाण्याचा साठा आहे. जुन्या जलपाशांतून एक जहाज पार जाताना जवळजवळ २ लक्ष घनमीटर गोडे पाणी दोन्हीकडच्या समुद्रांत जाते. पनामा व कोलोन या शहरांचे पिण्याचे पाणीही याच सरोवरातून येते. २०१६ साली उघडलेल्या नव्या, मोठ्या जलपाशांना बाजूचे हौद जोडले असून त्यांच्या योगे प्रत्येक वेळी लागणाऱ्या पाण्यापैकी साठ टक्के पुन्हा वापरता येते. तरीही २०२३ मध्ये पाऊस ओढला तेव्हा सरोवर खाली गेले. एरवी दिवसाला सुमारे ३६ जहाजे सोडीत. वर्षाच्या अखेरीस ती संख्या २२ वर आणावी लागली. जगाच्या व्यापारातील जहाजे एका डोंगराळ मुलखातील पावसासाठी खोळंबली. हे का घडले, ते केन हिलचा हिशेब केलेल्या मुलास वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कालवा मरतो आणि पुन्हा जगतो

इतिहासाचा भाग थोडक्यात आटोपावा. १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल आगगाडी सुरू झाली व सहा तासांची चढण व्यापाऱ्यांना परवडेना. १८५२ मध्ये कालवा आगगाडीच्या कंपनीकडेच गेला. पुढे तो दुर्लक्षित राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यास केन हिलचे हौद कोरडे पडून त्यांत झाडेझुडपे माजली. १९५६ मध्ये नावा नेण्याचा कायदेशीर हक्क रद्द करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा वीस हजारांहून अधिक लोकांनी सह्या करून राणीकडे अर्ज धाडला. त्यानंतर कित्येक वर्षे स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ काढला, भिंती दुरुस्त केल्या, पैसे जमविले. ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी दुसरी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. आता तेथे माल जात नाही. लोक हौसेने नावा चढवितात.

आपल्या देशातही जलपाश आहेत व त्यांपैकी एक मालिका आपल्या ओळखीच्या पाण्यावर आहे. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राजवळ पोहोचते तेथे धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला गेला. त्यातून निघालेले कालवे शेतीसाठी तर होतेच, शिवाय ते नावांच्या वाहतुकीसाठीही योजलेले होते व त्यांवर जलपाश बांधले होते. पुढे रेल्वे व रस्ते यांनी ती वाहतूक ओढून घेतली. पश्चिम बंगालमध्ये फराक्का येथे मात्र गंगेच्या जलमार्गावरील नावा जलपाशातून जातात. महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांचे कालवे केवळ सिंचनासाठी असल्याने त्यांवर दिसणारी लोखंडी दारे पाणी अडविण्यासाठी व सोडण्यासाठी असतात. त्यांना जलपाश समजू नये. एकेरी दार आणि दोन दारांमधला हौद हा भेद मुलांकडून स्पष्ट वदवून घ्यावा.

वर्गातील प्रयोग

साहित्य : एक घमेले, एक बादली, रुंद तोंडाची उंच पारदर्शक बरणी, चार विटा, स्टीलची लहान वाटी, काही खडे, एक तांब्या, आणि गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात त्या पारदर्शक नळीचे हातभर लांबीचे दोन तुकडे. नळी गावातील गवंड्याकडे मागितल्यास मिळते.

बरणीच्या एका बाजूस दोनदोन विटांच्या दोन थरांवर घमेले ठेवून ते पाण्याने भरावे. हा वरचा कालवा. दुसऱ्या बाजूस बादली जमिनीवर ठेवून तीत वीतभराहून थोडे कमी पाणी घालावे. हा खालचा कालवा. बरणी जमिनीवरच मध्ये असावी, आणि तिचा काठ घमेल्यातील पाण्याहून उंच असावा. बरणीत बादलीइतक्याच पातळीचे पाणी घालून वाटी तरंगत सोडावी. दोन्ही नळ्या पाण्याखाली बुडवून पूर्ण भरून घ्याव्यात व दोन्ही टोके अंगठ्याने दाबून एक नळी घमेले व बरणी यांच्यामध्ये, दुसरी बरणी व बादली यांच्यामध्ये अशी लावावी. नळीत हवेचा बुडबुडा राहिल्यास प्रयोग फसतो. नळी मध्ये दुमडून चिमटीत धरली की झडप मिटली. सोडली की उघडली. दोन मुलांना या दोन झडपांचे रखवालदार नेमावे.

वरची झडप उघडताच वाटी चढू लागते व घमेल्याच्या पातळीस येऊन थांबते. ती मिटून खालची उघडली की वाटी उतरते. घमेल्यातील पाण्याच्या पहिल्या पातळीवर आधीच खडूने खूण केलेली असावी. एक फेरी झाल्यावर तिसऱ्या मुलाने बादलीतील पाणी तांब्याने घेऊन ती खूण पुन्हा गाठेपर्यंत घमेल्यात ओतावे व किती तांबे लागले ते मोजावे. हे मूल म्हणजे पंप. आठदहा फेऱ्यांनंतर त्याचा हात दुखू लागतो.

मग वाटीत खडे भरून पुढील फेरी करावी. त्यापूर्वी प्रत्येकाने वहीत लिहावे : नाव जड झाल्यावर अधिक तांबे लागतील, कमी लागतील, की तितकेच? बहुतेकजण ‘अधिक’ लिहितील. प्रत्यक्षात तांबे तितकेच लागतात. बरणीतील पातळी बादलीपासून घमेल्यापर्यंत चढविण्यास लागणारे पाणी बरणीच्या रुंदीवर व चढाच्या उंचीवर ठरते. वाटी तरंगत असेपर्यंत तिच्या वजनाचा त्याच्याशी संबंध येत नाही. हे उत्तर शिक्षकांनी आधी फोडू नये.

कालव्यावर प्रत्यक्ष नेऊन मुलांना दाखविण्याचा मोह मात्र आवरावा. कालव्याच्या काठाचा उतार निसरडा असतो व दाराजवळची ओढ वरून दिसत नाही.

पुढील प्रश्न तोंडी विचारावेत. वरची झडप उघडी असताना खालची झडपही उघडली तर वाटीचे काय होईल? दोन नावा वरून व दोन खालून येत आहेत. कमीत कमी किती हौदभर पाण्यात चौघींचे काम होईल? हौदाची रुंदी तीच ठेवून एका पायरीची उंची दुप्पट केली, तर पायऱ्या निम्म्या होतील. पाणी वाचेल की अधिक लागेल?

शेवटचा प्रश्न वरच्या इयत्तेतील तल्लख मुलांसाठी आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकांच्या माहितीस्तव येथे देणे इष्ट होय. नाव हौदाच्या बाहेर निघून वरच्या कालव्यात गेली म्हणजे तिने हौदात व्यापलेली जागा वरच्या पाण्याने भरून निघते. म्हणून १५ टन वजनाची नाव चढून गेली तर वरच्या कालव्याचे नुकसान २३१ घनमीटर अधिक १५, म्हणजे २४६ घनमीटर होते. तीच नाव उतरताना हौदात शिरते तेव्हा आपल्या वजनाइतके पाणी वरच्या कालव्यात मागे लोटते. तेव्हा नुकसान २३१ वजा १५, म्हणजे २१६ घनमीटरच होते. तेव्हा चढताना नाव रिकामी असलेली बरी आणि उतरताना भरलेली बरी. वाटीच्या प्रयोगात हा फरक दिसत नाही, कारण तेथे वाटी बरणीतून बाहेर काढलेलीच नसते.